घरी करायला सोपं

"घरी करायला अगदी सोपं असतं बघ," हे म्हणाले, आणि कोबी चिरता चिरता विळीवर माझा हात थांबला. तसं पाहिलं तर बोलण्यात काही नव्हतं. हे बोटीवर असतात. बोट जाईल तिथलं काहीबाही खातात आणि दीड-दोन वर्षांनी रजेवर आले की त्या खाण्याच्या गोष्टी सांगत बसतात, मी आपली हूं हूं करते. पण त्या सगळ्या गोष्टी बंदरावरच्या असत. धक्क्यावरच्या गाडीवर अमुक मिळतं, गेटाबाहेरच्या हॉटेलात तमुक मिळतं, एका ठिकाणची कॉफी कडू, दुसऱ्या ठिकाणचे पोलीस वाईट. आमच्या लग्नाला तेरा वर्षं झाली. तेरा वर्षांत ह्यांच्या तोंडून परमुलखातलं हॉटेल आलं, इस्पितळ आलं, चर्चसुद्धा आलं. घर आलं नव्हतं. खलाशाला परमुलखात घर कुठलं? मी मान वर केली तर हे माझ्याकडे पाठ करून ओट्याशी उभे होते आणि माशाला मीठ चोळत होते. शीळ घालत होते. माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून इतक्या मजेत शीळ घालताना मी ह्यांना कधी ऐकलं नव्हतं.

सकाळी उठल्या उठल्या ह्यांनी जाहीर केलं होतं की आज जेवण मी करणार, मेक्सिकोच्या पद्धतीचं, टाको. मग स्वतः मिरकरवाड्याच्या मासळीबाजारात जाऊन हातभर लांब तांबोशी मासा घेऊन आले. पाठोपाठ टोपली घेऊन मासळीवाली काशी आमच्या गडग्याशी थांबली नि म्हणाली, "नशीब काढलंस गो विमल! दादल्यानं आज सोताच मासळी निवडलान, सोताच रांधणार म्हणं. आमचा बाबा पाण्याचा तांब्या नाय उचलीत." मी हसले. हसावं लागतं. नवरा रांधतो म्हटलं की कौतुक त्याचं होतं आणि उपकार बायकोच्या डोक्यावर बसतात. आता ह्यांचं 'जेवण मी करणार' म्हणजे काय ते ऐका. खवलं मी काढली. पोट मी साफ केलं, आणि ती घाण माडाच्या बुंध्याशी मीच पुरली. तांदळाच्या पिठाची उकड मी काढली, मिरच्या मी धुतल्या, कोबी माझ्या विळीवर. ह्यांनी विचारलं, "मीठ कुठे असतं?" स्वतःच्या घरात. मग विचारलं, तेल कुठे असतं, मग विचारलं, एखादी धारेची सुरी नाही का गं ह्या घरात. बोटीवर हे चीफ कूक आहेत, चाळीस माणसांचं रांधतात. घरी आले की पाण्याचं भांडंसुद्धा हातात द्यावं लागतं, आणि मी दिलं, कारण माणूस दमून आलेला असतो. सोपं ह्या शब्दाचा मला पहिल्यापासून राग आहे. दुसऱ्या कुणीतरी निम्मं करून ठेवलेलं असलं की पुरुषमाणसाला ते सोपं वाटतं. पण तो माझा नेहमीचा राग, घरातल्या मांजरासारखा, पायात घोटाळणारा. आजचा तो नव्हता. आजचा राग त्या दुसऱ्या शब्दाचा होता. घरी.

सासूबाई मधल्या दारात लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांना कमी ऐकू येतं, पण लेक घरी असला की कान टवकारलेले असतात. "काय म्हणतोस रे रघू? टाकू? काय टाकू?"

"टाकू नाय गो आये. टाको."

"करायचं नि टाकायचं? मग करायचं कशाला?"

हे खदखदून हसले. मला काही हसू आलं नाही. आमच्याकडे टाकणं हा शब्द बायकांच्या बाबतीत फार येतो. पालीची माझी आतेबहीण, तिला नवऱ्यानं टाकली. सात वर्षं ती भावाच्या घरी भांडी घासते आहे आणि तिच्याबद्दल विचारलं की लोक एवढंच सांगतात, टाकली तिला. पुढे काही विचारायचं नसतं. माझी आई होती तोवर माहेराहून, पावसहून पत्र पाठवायची, त्यात शेवटी ठरलेलं वाक्य असायचं, बाकी सर्व ठीक असेलच. त्याचा अर्थ मला कळायचा. मूल नाही, पण टाकली तर नाही ना. मीही ठरलेलं उत्तर लिहायची, सर्व ठीक आहे.

"दही काढ," हे म्हणाले.

"मासळीवर दही?" सासूबाईंनी लसूण खाली ठेवला. "कोड येईल मेल्या अंगावर! असं कोण खातं?"

"तिकडे सगळे खातात आये. पोरंटोरंसुद्धा खातात. काय होत नाय."

मी दह्याचं भांडं काढून ओट्यावर ठेवलं. पोरंटोरंसुद्धा. धक्क्यावरच्या गाडीवर पोरं जेवत नाहीत. हे माझ्याच मनानं मला सांगितलं आणि मी मनाला गप्प केलं, कारण तवा तापला होता. "भाकऱ्या लहान कर, तळव्याएवढ्या," हे सांगत होते, "मक्याच्या असतात खरं म्हणजे, पण तांदळाच्या चालतील. आणि कोबी एवढा जाड नको. केसासारखा चिरायचा असतो." केसासारखा. मी पुन्हा विळीवर बसले आणि चिरलेला कोबी पुन्हा चिरला. हे कुणाचं तरी बोलणं होतं. ह्यांच्या बोलण्यात अशा उपमा येत नाहीत. हे म्हणतात बारीक, नाहीतर म्हणतात जाड. कुणीतरी ह्यांना विळीवर नाही, पाटावर नाही, कुठल्यातरी ओट्याशी उभं राहून कोबी चिरायला शिकवलं होतं, आणि शिकवताना डोक्यावरचा एक केस धरून दाखवला होता. मला तो केस दिसला. काळा होता.

सहा वर्षांपूर्वी, अठ्ठ्याहत्तर साली, ह्यांना मेक्सिकोच्या बंदरात कावीळ झाली. कंपनीनं तिथल्या इस्पितळात घातलं आणि बोट पुढे निघून गेली. आम्हाला तार आली तेव्हा सासूबाईंनी अन्न सोडलं. मी रोज पोस्टात जायची. पोस्टमन विठू मला लांबूनच मान हलवून नाही म्हणायचा, तरी मी दारापर्यंत जायची. दीड महिन्यानं पत्र आलं. ते मला अजून पाठ आहे. आता बरा आहे. इस्पितळातून सोडलं आहे, परंतु दुसरी बोट मिळेपर्यंत इथेच राहावे लागेल. इथली माणसे फार चांगली आहेत. घरचे जेवण मिळते. काळजी नसावी. घरचे जेवण मिळते, हे वाक्य मी सासूबाईंना तीनदा वाचून दाखवलं. त्या रडल्या, मी रडले. त्या शुक्रवारी उपास करून मी किल्ल्यावर भगवतीला गेले आणि दोन नारळ फोडले. एक ह्यांच्यासाठी. दुसरा त्या चांगल्या माणसांसाठी! अनवाणी चढून गेले होते, भर उन्हात. पायरीला पाय टेकवत नव्हता. हात जोडून म्हणाले, आई, जी कोण माझ्या माणसाला पथ्याचं करून घालते आहे तिचं घर भरलेलं ठेव. इतकी वर्षं स्वतःसाठी मागत होते तेव्हा जिनं कान दिला नाही ती देवी तेवढ्या एका मागण्याला पावली असेल काय? भाकरी थापता थापता माझ्या मनात हे आलं, आणि भाकरी हातातच फाटली.

चार महिन्यांनी बोट मिळाली. पण पुढच्या प्रत्येक खेपेला ह्यांना तीच लाईन, मेक्सिकोकडे जाणाऱ्या बोटींची. मी एकदा विचारलं, इतक्या लांबची कशाला देतात हो तुम्हाला? तर म्हणाले, मीच मागून घेतली, तिकडची हवा मानवते मला.

आणि मला इथली हवा. ह्या हवेत मी तेरा वर्षं काढली. लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदा आम्ही पावसहून एस.टी.नं येत होतो. खिडकीतून कलमांच्या मोहोराचा वास येत होता, हे दोन दिवसांनी बोटीवर जायचे होते, आणि मी कधी नव्हे ते धीर करून म्हटलं, मुलगी झाली तर नाव राही ठेवायचं. हे म्हणाले, राही कसलं नाव? मी म्हटलं, तुम्ही जाणारे. घरात एक तरी राहणारी नको का? हे हसले आणि गर्दीत कुणाला दिसणार नाही असा माझा हात धरला. त्या हाताच्या जिवावर मी पुढची किती वर्षं काढली ते माझं मला ठाऊक. राही काही आली नाही. सासूबाईंचे नवस झाले, माझे उपास झाले. कुणाची ओटी भरायची असली की बायका माझ्यापुढून हळदीकुंकवाचं तबक इतक्या चटकन पुढे न्यायच्या की कुंकू सांडायचं. सासूबाई तोंडानं फार बोलायच्या नाहीत, फक्त शेजारच्या म्हशीबद्दल बोलायच्या. भाकड जनावर नुसतं दावणीला बांधून काय करायचं, असं म्हशीबद्दल. मग एक्याऐंशी साली ह्यांच्या रजेत आम्ही कोल्हापूरच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी माझी सगळी तपासणी केली, त्या तपासणीबद्दल मी बोलणार नाही. म्हणाले, बाईंमध्ये मला काही दोष दिसत नाही, आता मिस्टरांची करून घेऊ. हे उठले, चपला घातल्या आणि बाहेर जिन्यात जाऊन उभे राहिले. मी मागे धावले. तेव्हा हे म्हणाले, "माझ्यात काही दोष नाही." बस्स एवढंच. सगळे पुरुष असंच म्हणतात, मला माहीत होतं. पण बाकीचे ओरडून म्हणतात. हे अगदी हळू म्हणाले. ते हळू बोलणं परतीच्या वाटेवर आंबा घाटभर माझ्या कानात राहिलं आणि मला वाटलं, बिचारे मनातून घाबरलेत. मी ह्यांची कीव केली! गाडीत ह्यांना झोप लागली तेव्हा खांद्यावर डोकं घेऊन बसले.

मासा तळून झाला. परातीत भाकऱ्या झाल्या, तळव्याएवढ्या. हे पाट ओढून बसले आणि म्हणाले, आता बघ गंमत. बोलत बोलत एकेक भाकरी घेत होते, त्यात माशाचा तुकडा, वर कोबी, कांदा, दही, मिरचीचे तुकडे, लिंबू पिळायचं आणि भाकरी मधोमध दुमडायची. हात झरझर चालत होते. तोंडानं कॅप्टनची काहीतरी गोष्ट चालली होती, कॅप्टनच्या कुत्र्याची. मी समोर बसून हात बघत होते. सहा झाले, आठ झाले. मग ह्यांनी परातीतली सगळ्यात लहान भाकरी घेतली, पीठ उरलं म्हणून मी थापलेली, भातुकलीतली वाटावी अशी. माशाचा मऊ पाठीकडचा तुकडा घेतला आणि ताटाच्या कडेला अंगठ्यानं दाबून त्याचा चुरा केला. काटे काढले. पुन्हा सगळा चुरा बोटांत घेऊन एकदा चाचपला, मग दुसऱ्यांदा चाचपला. बारीक एक काटा निघाला तो धोतराला पुसावा तसा लुंगीला पुसला. कोबी चिमूटभर. दही जरा जास्त. मिरची नाही. दुमडून तो एवढासा टाको बाकीच्यांपासून वेगळा, ताटाच्या कडेला ठेवला. हे सगळं करताना कॅप्टनच्या कुत्र्याची गोष्ट एका शब्दानंही थांबली नव्हती.

"ह्यात मिरची घातली नाहीत," मी म्हटलं.

"तो बिनमिरचीचा," हे म्हणाले, आणि मग हात थांबले, आणि कुत्र्याची गोष्टही थांबली.

गॅसवर तवा नुसताच तापत होता. मी उठून गॅस बंद केला. परत येऊन बसले. माझा आवाज इतका नीट निघाला की मला माझंच आश्चर्य वाटलं. "मुलगा की मुलगी?"

ह्यांनी दह्याचं भांडं बाजूला सारलं. मग म्हणाले, "मुलगी."

"केवढी?"

"पाच पुरी झाली फेब्रुवारीत."

"आणि तिची आई?"

"इस्पितळात स्वयंपाकाला होती. पथ्याचं करायची." मान वर न करता म्हणाले, "विमल, मी काही मुद्दाम..."

"पथ्याचं," मी म्हटलं.

त्याच्यात दोष नव्हता आणि त्याला ते माहीत होतं. कोल्हापूरच्या त्या जिन्यात उभा राहून तो जे हळू म्हणाला ते भीतीनं नव्हे, ते माणूस आपल्या हातात दाखला असताना बोलतो तसं होतं. तेव्हा ती मुलगी दोन वर्षांची असेल, चालत असेल. मी आजवर ह्या माणसाचं नाव उखाण्याशिवाय घेतलं नाही आणि पाठीमागेसुद्धा त्याला हे म्हटलं. आता मनातल्या मनात मी त्याला तो म्हणायला लागले आणि जिभेला काही झालं नाही. रघुनाथ. रघू. तू. मला वाटलं होतं असं काही कळलं तर माणूस कोसळतो. मी कोसळले नाही. मला संताप आला होता, पायापासून, आणि त्या संतापानं मला ताठ बसवलं होतं. दुसरी बाई केली ह्याचा होता, पण तेवढाच नव्हता. सासूबाई मला ऐकवायच्या त्या म्हशीच्या गोष्टी ऐकत तो ह्याच दारात चहा पीत होता. माझे उपास मोजत होता. एक शब्द बोलला असता, आये गप्प बस, एवढाच, तर चाललं असतं.

"नाव काय तिचं?" मी विचारलं.

तो ताटाच्या कडेला लागलेलं दही बोटानं पुसायला लागला.

"नाव ठेवलं असेल ना काही?"

"तिकडचं आहे एक लांबलचक. घरात..." तो थांबला. तोच शब्द पुन्हा. "घरात राही म्हणतो मी. पण त्यांना ह नीट म्हणता येत नाही. राई म्हणतात सगळे."

राई. मोहरी. माझ्याकडे काय होतं ह्या जगात? सोनं सासूचं, घर ह्याचं, मूल नाही. एक नाव होतं, एस.टी.त बसून काढलेलं, तेरा वर्षं दुसऱ्या कुणाला न दाखवलेलं. तेही ह्यानं सामानातून नेलं, दिलं, आणि त्यांनी त्याची मोहरी केली. मी ताटातला तो एवढासा टाको उचलला आणि मागच्या दारी गेले. गडग्यावर कावळे बसलेले होते, माशाच्या वासानं. माझा हात वर गेला. भिरकावायचा होता तो मला, कावळ्यांनी मधोमध फाडलेला बघायचा होता. हात वरच राहिला. जेवणाच्या आधी पानातलं काढून कावळ्याला घालतात ते गेलेल्या माणसासाठी. पाच वर्षांची पोर. तिनं माझं काय केलं? मला इतका राग आला होता आणि तो ठेवायला साधी जागा नव्हती. सासूबाईंना जाऊन सांगावं, तुमच्या लेकाचे पराक्रम ऐका, तर त्या आधी देवापुढे साखर ठेवतील. नात झाली म्हणतील. आणि मग माझ्याकडे बघतील, म्हशीकडे बघायच्या तसं, आता पुराव्यानिशी. त्याचं पाप उघडं केलं तरी दोष माझ्याच पदरात. मी हात खाली घेतला.

आत आले तेव्हा तो तसाच पाटावर बसलेला होता. मी त्याच्यापुढे उभी राहिले, खाली वाकले नाही. हळू बोलले, त्या जिन्यात तो बोलला होता तितकंच हळू. "ह्यापुढे ह्या दारात घरी हा शब्द तोंडून काढाल तर कुठलं घर ते आधी सांगायचं. आणि मी अजून काय करणार ते ठरवलेलं नाही. तोवर रोज मला घाबरायचं."

"विमल, आयेला..."

"आयेचं मी बघेन. ते काही तुमच्या हातात राहिलेलं नाही आता."

तेवढ्यात सासूबाई भिंतीला धरत आत आल्याच. "अगो वाढतेस ना? वास सुटलाय केवढा." त्या पाटावर टेकल्या, ताटातल्या आठ दुमडलेल्या भाकऱ्यांकडे बघून त्यांनी नाक मुरडलं, आणि मग त्यांची नजर माझ्या हाताकडे गेली. "नि हा एवढासा कुणासाठी केलास रे रघू?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. तेरा वर्षांत त्यानं माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. डोळे अगदी घाबरलेले, मी आता काय बोलेन त्याचा नेम नसल्यासारखे. मी त्याला ताटकळत ठेवलं. एक, दोन, तीन श्वास तसाच ठेवला. बाहेर कावळे ओरडत होते. सासूबाईंनी कानाला हात लावला, आपल्याला ऐकू आलं नाही की काय म्हणून.

"माझा," मी म्हटलं.

आणि दोघांच्या समोर उभ्या उभ्याच मी तो खाल्ला. भाकरी गार झाली होती, दही आंबट होतं, मिरची नव्हती. काटा लागेल म्हणून सवयीनं जिभेनं चाचपत चाचपत चावत होते. एकही काटा नव्हता. इतकं निवडून मला आजवर कुणी वाढलं नव्हतं, आणि हेही काही मला वाढलेलं नव्हतं. मी सावकाश खाल्ला, सगळा संपवला, बोटं धुतली, आणि सासूबाईंना विचारलं, तुम्हाला किती वाढू.